आशाबाईंची बोरमाळ आणि माझ्या पाटल्या

मी, भानुमती केशव पिशोरकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि दुपारचा चहा घेऊन लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मनस्विनी यांनी दिला आहे. गुडघ्यांचा दाखला मी मागितलेला नाही.

कलम १. राहते घर माझा मुलगा अमेय याला. ते विकायचे त्याच्या मनात आहे, खुशाल विकावे. मात्र गच्चीवरची खोली माझा भाडेकरू इद्रिस जुमा खटल्यातून सुटून टांझानियाला आपल्या आईकडे जाईपर्यंत त्याचीच राहील. त्याच्याकडून भाडे मागितल्यास मी अमेयच्या स्वप्नात येईन.

कलम २. कै. केशवरावांची सायकल इद्रिसला. तो औषधनिर्माणशास्त्र शिकतो, मला नानी म्हणतो आणि ब्रेक लावायच्या आधी घंटी वाजवतो.

कलम ३. इद्रिसवर खटला का आहे, ते अमेयला नीट माहीत नाही, म्हणून लिहिते. दीड वर्षापूर्वी शेजारच्या आशाबाईंकडे महालक्ष्म्या बसल्या होत्या. आशाबाईंनी आपली बोरमाळ रीतीप्रमाणे थोरल्या महालक्ष्मीच्या गळ्यात घातली. इद्रिसलाही त्यांनी जेवायला बोलावले आणि आग्रहाने वाढले. विसर्जनानंतर माळ सापडेना. आशाबाई घरात शोधतच होत्या, तेवढ्यात परिसर बचाव समितीचे अध्यक्ष साहेबराव आले. निवडणूक जवळ आली होती. "घरात परका कोण आला होता?" एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तरही स्वतःच दिले. संध्याकाळी त्यांनी आमच्या ओट्यावर उभे राहून भाषण केले. त्यांच्या मते चोर रंगावरून ओळखता येतो. आशाबाईंना गाडीत घालून ठाण्यात नेले आणि फिर्याद लिहवून घेतली. इद्रिसचा पासपोर्ट कोर्टात जमा झाला. पोरगा मला म्हणाला, "नानी, मैं तो सिर्फ पुरणपोळी खाया." मला फार रडू आले.

कलम ४. त्या भाषणानंतर साहेबराव आपला भोंगा आमच्या ओट्यावरच विसरले. तो त्यांना परत द्यावा. आवाज थोडा बसला आहे, भोंग्याचा.

कलम ५. दुसऱ्या बाजूचे नेते प्रा. सत्यम हेही येऊन गेले. त्यांनी इद्रिसला मधोमध उभे करून घोषणा दिल्या, फोटो काढले आणि कोर्टाच्या एकाही तारखेला ते फिरकले नाहीत. त्यांच्या फलकावर इद्रिसचा देश नायजेरिया लिहिला आहे. तो फलक मी कूलर झाकायला वापरते. चांगला जाड आहे. तो त्यांना द्यावा, पुढच्या वेळी देश खोडून वापरता येईल.

कलम ६. मागच्या भाद्रपदात आशाबाईंनी पुन्हा महालक्ष्म्या बसवायला घेतल्या. देवीचे धड म्हणून जी पत्र्याची कोठी ठेवतात, ती गव्हाने भरायला उघडली, तर तळाशी बोरमाळ! आदल्या वर्षी मुखवटा उतरवून गहू उपसताना ती आत घसरली होती आणि त्यांच्या सुनेने कोठी तशीच माळ्यावर ठेवली होती. आशाबाई धावत माझ्याकडे आल्या. "ताई, माळ घावली वं! आता त्या लेकराचं काय करू?" आम्ही दोघी ठाण्यात निघालो, तर दारातच साहेबराव. "आता मागं सरलात तर माझं नाक जातंय, काकू. देवीनं माळ परत दिली म्हणा. लई मोठा चमत्कार हाय." दुसऱ्या दिवशी चौकात चमत्काराचा फलक लागला, त्यावर देवीपेक्षा साहेबराव मोठे. आशाबाई घाबरून घरात बसल्या. मी एकटीने ठाण्यात जाऊन सांगितले. पोलीस म्हणाले, फिर्यादीने सांगायला हवे.

आशाबाई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला महिनाभर जेवू घातले आहे. त्या माणसांना नाही म्हणू शकत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. पण पुढच्या महिन्यात त्यांची कोर्टात साक्ष आहे, आणि माझ्या हृदयाचा तेवढा भरवसा डॉ. मनस्विनी देत नाहीत.

कलम ७. म्हणून माझ्या सोन्याच्या पाटल्या आशाबाईंना. त्या पाटल्यांकडे त्या चाळीस वर्षे बघत आल्या आहेत. परंतु ज्याला काही मिळणार त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. तेव्हा आशाबाईंनी खाली साक्षीदार म्हणून सही केली, तर पाटल्या माझ्या सुनेला, अमेयच्या बायकोला जातील. साक्षीदार फक्त माझ्या सहीचा असतो, मजकुराचा नव्हे, असेही वकील म्हणाले. ते त्यांच्या कोर्टात. आमच्या गल्लीत ज्या कागदावर सही केली, तो कागद खरा. सही नको असेल, तर आशाबाईंनी पाटल्या घ्याव्यात. मी रागावणार नाही, फक्त वाईट वाटेल.

हा सर्व मजकूर डॉ. मनस्विनी यांनी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि मग मी सही केली.

छावणी, छत्रपती संभाजीनगर
दि. २३ मार्च २०२६

भानुमती केशव पिशोरकर

साक्षीदार १ : बद्रीनाथ काळे, वकिलांचे कारकून

साक्षीदार २ : आशाबाई शिवराज मोकासे
समदं ऐकलं. माळ माझ्याच घरात व्हती. पोरानं घेतली नाय. कोर्टात बी हेच सांगन. पाटल्या तुमच्या सुनंला द्या.