शेवटच्या प्रकरणाचं वजन

आदरणीय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांगा. तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का, आणि डोळ्यांत थेंब घालायचं तुम्ही विसरता की वहिनींची नजर चुकवता, हे कधीतरी खरं कळवा. माझं बरं चाललं आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते. फोनवर तुम्ही दर वेळी "दिवसभर करता काय?" असं विचारता आणि मी "काही नाही" म्हणतो, यावर तुम्ही जो उसासा सोडता तो मला ऐकू येतो. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो. मला फोनवर बोलता येत नाही हे तुमची बहीण (म्हणजे आमची ही) तुम्हाला लग्न ठरलं तेव्हाच सांगून चुकली होती.

ही अंधांच्या बोलत्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून द्यायची हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटी घेतली होती ती तुम्ही दिलेली रहस्यकथा. (ती देताना तुम्ही खुनी कोण हे सांगायला लागलात, तेव्हा हिने कानांवर हात ठेवून तुम्हाला फाटकापर्यंत घालवलं होतं.) बाकीची सगळी प्रकरणं हिने ग्रंथालयाच्या स्टुडिओत जाऊन वाचली. शेवटच्या प्रकरणाच्या वेळी तिथला जिना चढवेना, म्हणून त्यांनी ध्वनिमुद्रण यंत्र घरी पाठवलं आणि हिने मागच्या खोलीत बसून ते प्रकरण पुरं केलं. त्यानंतरचं सगळं तुमच्यासमोरच झालं. यंत्र कपाटावर ठेवलं ते तिथेच राहिलं. मीही त्याला हात लावला नाही.

पण पुस्तक ऐकणारे गप्प बसणार होते थोडेच? त्यांच्यात एक गृहस्थ इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम करतात. जन्मापासून दृष्टी नाही. ही मंडळी पुस्तक दुप्पट वेगाने ऐकतात, आणि हे एक्स्चेंजवाले तर बोलतातही त्याच वेगाने, त्यामुळे त्यांचा फोन आला की मी आधी खुर्चीत नीट बसून घेतो. भेटीला येणाऱ्यांसारखं "कसे आहात" वगैरे त्यांनी विचारलं नाही. एकदम म्हणाले, "काका, आमचं काय ते सांगा. कारखान्याचा मालक मेलाय, सगळे दिवाणखान्यात जमलेत, गुप्तहेर म्हणालाय खुनी याच खोलीत आहे, आणि पुढे काहीच नाही. त्या बिचाऱ्यांना निदान बसा तरी म्हणा." त्यांची एक संगीत शिकवणारी मैत्रीण आहे, तिचा डॉक्टरवर संशय आहे. यांचा माळ्यावर. जो हरेल त्याने वर्षभर सगळ्यांना चहा करून पाजायचा असं ठरलं आहे. मी म्हटलं, छापील पुस्तक घरात आहे, मी पाहून सांगतो. तर म्हणाले, "नको. बाईंच्या आवाजात खून झालाय, बाईंच्याच आवाजात फाशी होऊ दे." मी हो म्हटलं. (त्यांनी तुमचाही नंबर मिळवला आहे. एक्स्चेंजवरचा माणूस, त्याला काय अवघड. तोंड उघडू नका ही विनंती.)

यंत्रातली फाइल मागच्या खोलीतल्या संगणकात कशी घ्यायची हे मी पुस्तिकेवरून शिकलो. पण ग्रंथालयाने मध्यंतरी भाड्याच्या खोल्या सोडल्या. स्टुडिओ गेला, कपाटं गेली, आता उरली आहे ती नुसती वेबसाइट. नेऊन द्यायचं तर कुणाला द्यायचं? वेबसाइटवर चढवा म्हणाले. तिथे खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की फाइल जास्तीत जास्त पाच एमबीची असावी. आमची भरली तीनशे शहाण्णव.

दादा, मी उभी नोकरी मालधक्क्याच्या वजनकाट्यावर काढली. जास्त भरलेला ट्रक परत पाठवणे हेच माझं काम. परत जाणारा एकही ड्रायव्हर मला दुवा देऊन गेला नाही. त्यांच्या युक्त्या मला पाठ होत्या. कुणी क्लीनरला खाली उतरवायचा, कुणी पाण्याची टाकी रिकामी करायचा, कुणी एक चाक हळूच काट्याबाहेर ठेवायचा. आता माझ्यावर तीच पाळी आली आणि मी काय केलं असेल? फाइलीचं नाव लांबलचक होतं, ते कमी करून नुसतं "शेवट" ठेवलं. वजन तेवढंच. संगणकातले जुने फोटो पुसून पाहिले, की जागा मोकळी झाली तर ही जरा हलकी होईल. मग (हे वहिनींना सांगू नका) संगणकाचा आवाज अगदी बारीक करून पाहिला. मला वाटलं, हळू आवाज म्हणजे कमी वजन. तीनशे शहाण्णव ते तीनशे शहाण्णवच.

मग साइटवाल्या बाईंना फोन लावला. वेबसाइट सांभाळणाऱ्या या एकट्याच, आणि तेही घरून. हुशार बाई आहेत, पण बोलता बोलता मधेच "मोजे कुठे आहेत तुझे?" असं विचारतात. पहिल्यांदा मी माझ्या पायांकडे पाहून कपाटात आहेत असं सांगितलं. तो प्रश्न त्यांच्या मुलाला होता. त्यांनी समजावलं, की ते पान मुळात नव्या वाचकांनी (म्हणजे हिच्यासारखं वाचून देणाऱ्यांनी) अर्ज आणि पासपोर्टचा फोटो पाठवावा म्हणून केलं होतं, पुस्तकं तर स्टुडिओतूनच थेट आत जायची. आवाज दाबून फाइल लहान करता येते, पण मूळ प्रत दाबलेली चालत नाही, कारण दुप्पट वेगाने ऐकताना दाबलेला आवाज फाटतो. आणि मर्यादा ठेवायलाच लागते, नाहीतर कुणीही काहीबाही आणून टाकतो आणि साठवणीची जागा भरून सगळंच बंद पडतं. हे मला लगेच पटलं. मर्यादा उगीच कुणी ठेवत नाही, पूल पडल्यावर लोकांना ती आठवते.

मग त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा तुकडे करा ना काका. सोपं आहे. त्या वाचताना जिथे थांबल्या असतील तिथे कापायचं." मी म्हटलं, तुकडे नकोत. त्या म्हणाल्या, नियमात बसतं. मी म्हटलं, बसत असेल, पण प्रकरण एक आहे. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी म्हटलं, माझा संगणक जुना आहे. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ते ऐकलंय का?" मी म्हटलं, लाइन नीट येत नाहीये. "बरं," त्या म्हणाल्या, "मी मर्यादा वाढवते." त्यानंतर तुकड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मर्यादा वाढवली. फाइल चढायला लागली. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, ती बघत मी बसलो. (आमच्याकडचं इंटरनेट तुमच्या गुडघ्यासारखं आहे, सरळ रस्त्यावर ठीक.) पट्टी टोकाला पोचली आणि पान पांढरं झालं. त्यावर इंग्रजीत "फार मोठी" अशा अर्थाचं काहीतरी आणि वर आकडा, चारशे तेरा. दादा, मी काट्यावरचा माणूस. आकडा दिसला की मला वजनच दिसतं. मी बाईंना जरा कडक भाषेत लिहिलं की माझ्याकडे तीनशे शहाण्णव भरलेला माल तुमच्याकडे चारशे तेरा कसा भरतो, तुमचा काटा तपासून घ्यावा. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की ते वजन नव्हे, तो त्या चुकीला दिलेला क्रमांक आहे. वजन जास्त झालं की जगातला कुठलाही सर्व्हर हाच आकडा दाखवतो. मी क्षमा मागितली. बिचाऱ्या म्हणाल्या, तुमचा अर्थ जास्त बरा आहे.

झालं होतं असं, की त्यांच्या प्रोग्रामच्या आधी, रस्त्याच्या तोंडाशी, आणखी एक सर्व्हर बसलेला असतो आणि त्याची मर्यादा वेगळी, वेगळ्या फाइलीत लिहिलेली असते. म्हणजे एकाच रस्त्यावर दोन काटे, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. त्यांनी तीही वाढवली. मी पुन्हा बसलो, पुन्हा पट्टी, पुन्हा चारशे तेरा. त्यांनी फाइलीत नवा आकडा लिहिला होता, पण सर्व्हरला ती फाइल पुन्हा वाचायला सांगायचं राहिलं होतं. आमच्या कचेरीत परिपत्रक फळ्यावर लागायचं आणि साहेबासकट कुणी वाचायचं नाही, तसाच प्रकार.

तिसऱ्या खेपेला चारशे तेरा गेला. त्याऐवजी लाल अक्षरं आली, "वाचकाचे नाव भरा. नाव भरणे अनिवार्य आहे." नाव तर मी भरलं होतं. नीट पाहून भरलं होतं. पुन्हा भरलं, पुन्हा पट्टी, पुन्हा तेच. चौकट कोरी. तुम्हाला ठाऊक आहे, मी हिला नावाने कधी हाक मारली नाही. आमच्याकडे "अगं" आणि "ऐकलंस का" यावर संसार झाला. इस्पितळाच्या कागदांवरसुद्धा नाव तुम्ही लिहिलंत, मी सही केली. आणि आता हे यंत्र मला सांगत होतं की नाव लिही, आणि मी लिहिलं की पुसत होतं, आणि पुन्हा सांगत होतं की लिही. दिवसभर मी तेच केलं. संध्याकाळी बाईंचा फोन आला तेव्हा कळलं की एका फाइलीची मर्यादा आणि अख्ख्या अर्जाची मर्यादा हे दोन निराळे आकडे आहेत. फाइलीचा आकडा वाढला होता, अर्जाचा तसाच होता. अर्ज जड झाला की प्रोग्राम तो न बघता सगळाच टाकून देतो आणि मग कोऱ्या अर्जात नाव शोधत बसतो. "मला आधी सांगायचं ना काका, किती वेळा भरलंत?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मोजलं नाही. खरं सांगायचं तर शेवटी शेवटी ते नाव लिहिताना हात अडखळत नव्हता.

तोही आकडा वाढला. काल दुपारी पट्टी टोकाला गेली, पान हिरवं झालं आणि "फाइल मिळाली, आभारी आहोत" असं आलं. मी उभा राहिलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी उभा राहिलो. मोठा ट्रक काट्यावरून नीट उतरून गेला की मी खिडकीशी तसाच उभा राहायचो.

तर दिवसभर मी हे करतो. काम झालं आहे, काळजीचं काही नाही. तुम्ही इकडे येण्याची दगदग करू नका, प्रवासात गुडघा आखडतो. वहिनींना सांगा की त्यांनी विणलेला स्वेटर मला बेताचा होतो.

तुमचा,
(सही वाचता येत नसेल तर पाकिटावर पाहा)

ता.क. वर काम झालं असं लिहिलं आहे ते अगदी बरोबर नाही. हिरव्या पानाच्या खाली एक लहान चौकोन आहे. त्यापुढे लिहिलं आहे, "ही फाइल मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली आहे आणि ती निर्दोष आहे." त्यात खूण केल्याशिवाय फाइल श्रोत्यांपर्यंत जात नाही, आणि आठवडाभरात खूण झाली नाही तर आपोआप पुसली जाते. रविवारनंतर बाई सगळ्या मर्यादा पुन्हा खाली आणणार आहेत, समितीने तशी सूचना दिली आहे. बाई म्हणाल्या, मी ऐकून खूण करू का? मी नको म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येत नाही. न ऐकता खूण करणं माझ्याच्याने होणार नाही, मी एवढी वर्षं न तोललेल्या मालाची पावती कधी फाडली नाही. एकट्याने ऐकणंही होत नाही. म्हणून विनंती अशी की गुडघ्याला पट्टी बांधून तुम्ही रविवारच्या आत यावं. नुसतं शेजारी बसायचं. खुनी कोण हे आधी सांगायचं नाही.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी वाटलं की निदान फाइल चालू होते का ते बघावं, नाहीतर तुम्हाला उगीच खेप. चालू होते. आवाज स्वच्छ आहे. वाचन सुरू होण्याआधी ही घसा साफ करते, आणि मग म्हणते, "अहो, तेवढं दार ओढून घ्या, बाहेरचा आवाज येतोय." मी उठलो आणि दार ओढून घेतलं. मग ध्यानात आलं आणि तिथेच उभा राहिलो, आणि थोड्या वेळाने येऊन यंत्र बंद केलं. दार मी अजून उघडलेलं नाही. तुम्ही आलात की मागच्या खोलीचं दार ढकलून आत या, मी तिथेच असेन.