विद्यापीठातला घोडा आणि जयलक्ष्मी अक्काची टपरी

पापनाशम मुक्कामी असलेल्या, मोडी वाचू शकणाऱ्या (आणि वाचल्यावर गप्प बसू शकणाऱ्या) तीर्थरूप एकोजीमामांना भाचा वरुणराव याचा लांबूनच साष्टांग नमस्कार. जवळ आलो असतो तर तुम्ही कान धरला असता, म्हणून लांबून. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा रक्तदाब आणि मामीचा राग, दोन्ही उतरले की? आम्ही इथे सगळे सुखरूप आहोत. ‘सगळे’ म्हणजे मी एकटाच, पण पत्रात असंच लिहायचं म्हणून तुम्हीच शिकवलंत. फोन का केला नाही म्हणून विचाराल. तुम्ही फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवता हे मामीनेच सांगितलं. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता, आणि या हकिकतीत मध्येच प्रश्न आला तर माझं काही खरं नाही.

मागच्या महिन्यात मी ओरत्तनाडूला निघालो होतो. तिथे आईच्या ओळखीने सिमेंटच्या दुकानात नोकरी ठरली होती. (केटरिंगचं एक वर्ष आणि मोबाइल दुरुस्तीचे सहा महिने झाल्यावर आता सिमेंटलाच मी चिकटेन, असं आईचं मत.) बस विद्यापीठाच्या फाटकापाशी थांबली आणि भिंतीवर एक मोर दिसला. तो कुठे जातो ते बघायला उतरलो. बस गेली. माझी पिशवी ओरत्तनाडूला वेळेवर पोचली, ती तिथे बरी आहे.

मामा, हे विद्यापीठ तुम्ही आतून पाहिलंय की? एका विभागातून दुसऱ्या विभागात पोचेपर्यंत माणसाचा विषय बदलतो. भाषाशास्त्राला म्हणून निघालेली एक मुलगी उन्हाला कंटाळून वाटेत शिल्पकलेच्या सावलीत बसली, ती आता तिसऱ्या वर्षाला शिल्पकलाच शिकते आहे. पूर्वी इथे नुसती लाल माती आणि काटेरी बाभळी. पहिल्या वर्षी विद्यार्थी कमी आणि साप जास्त होते म्हणतात. त्या पहिल्या मुलांना प्रत्येकी एक झाड लावायला दिलं होतं. त्यातले काही पुढे इथेच प्राध्यापक झाले आणि आता आपापल्या झाडाखाली गाडी लावतात. दुसऱ्या कुणी तिथे लावली तर कुलगुरूंपर्यंत तक्रार जाते. मोराचं सांगत होतो. तो वसतिगृहाच्या खानावळीमागे गेला. तिथे रोज इडली उरते हे त्याला ठाऊक आहे.

हा सगळा इतिहास मला जयलक्ष्मी अक्काने सांगितला. विद्यापीठाच्याही आधीपासून उभा असलेला एक इलुप्पै आहे (आपण मोह म्हणतो तेच झाड), त्याच्याखाली तिची चहाची टपरी. बावीस वर्षं झाली. कोण पास झालं, कोण प्रेमात पडलं, कुणाच्या प्रबंधावर मार्गदर्शक चार वर्षं सही करत नाहीत, सगळं तिला तोंडपाठ. प्रबंधवाली मुलं तिच्याच बाकावर येऊन रडतात. रडणाऱ्याला ती द्रोणभर सुंडल देते, नारळ घातलेले उकडलेले हरभरे, आणि म्हणते, “आधी खा, मग रड. रिकाम्या पोटी रडलं की पित्त होतं.” मी रडत नव्हतो, तरी मला दिलं. मग मी तिथेच राहिलो. सकाळी हरभरे निवडायचे, दुपारी बाकावर पडायचं.

आणि तिथेच सुब्रमण्यम सर भेटले. हे विद्यापीठाच्या वर्धापनदिनासाठी विद्यापीठाचा इतिहास लिहिताहेत. अतिशय भला माणूस. मी चहा दिला, त्यांनी नाव विचारलं, मी वरुणराव म्हणून सांगितलं. ‘राव’ ऐकताच ते उठून उभेच राहिले. “मराठी का रे, तंबी? मग मोडी येत असेल!” मामा, इथल्या माणसांना वाटतं, आपण पाळण्यातच मोडी शिकतो. आजूबाजूला आठ-दहा विद्यार्थिनी होत्या. मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मी त्यांच्यावर सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना कागद आणला. विद्यापीठाच्या जमिनीच्या कागदपत्रांत सापडलेला. मी पाहतो तर काय, आधी लांब रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं वाळत घातलेली. (तुम्ही मोडी शिकवत होता त्याच्या तिसऱ्या दिवशी मी कुंभकोणचा हत्ती बघायला पळालो होतो. तेव्हाच मारायला हवं होतंत.) एका अक्षराला शेपटीसारखं काहीतरी होतं. मी म्हटलं, घोडा. सरांचा श्वास अडकला. तो अडकलेला बघवेना म्हणून पुढचं सांगितलं: राजाचा आवडता घोडा, लांबून आला, या इलुप्पैखाली बसला, इथेच त्याने प्राण सोडला, राजाने इथेच त्याला पुरला. कोणता राजा, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, कागद नेमका तिथेच फाटलाय.

दुसऱ्या कुठल्या मुलखात ही गोष्ट चहाबरोबर पोटात गेली असती. पण हा अय्यनाराचा मुलूख. इथे वेशीवरच्या देवाला मातीचे घोडे वाहतात, आणि मी परीक्षेच्या तोंडावर घोडा जन्माला घातला! तिसऱ्या दिवशी झाडाखाली वीतभर उंचीचा एक मातीचा घोडा दिसला. आठवड्यात चाळीस झाले. गणिताच्या मुलांनी सर्वांत मोठा आणला, त्यांची भीतीच तेवढी मोठी. परीक्षा विभागाचे एक अधिकारीही सकाळी चपला काढून उभे होते. (त्यांना काय मागायचं होतं देव जाणे.)

इथपर्यंत मला मजाच वाटत होती. मग समिती बसली. झाडाभोवती लोखंडी कुंपण घालायचं, ग्रॅनाइटवर माझी गोष्ट कोरायची, आणि ऐतिहासिक जागेत धूर नको म्हणून टपरी शुक्रवारपर्यंत हलवायची. कुठे, ते लिहिलेलं नाही. नोटीस द्यायला आलेला शिपाईसुद्धा आधी चहा प्यायला आणि मग मान खाली घालून कागद दिला. मला वाटलं अक्का मला ओरडेल. तिने फक्त किटली घासायला घेतली. घासलेली किटली परत घासली.

मी खरं सांगायला सरांकडे गेलो होतो, मामा, शपथ. पण त्यांनी मला बसवून ग्रंथाचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. तीस वर्षं ते शोधत होते, एवढा जिल्हा सोडून विद्यापीठ नेमकं इथेच का आलं, आणि आता त्यांना घोडा मिळाला होता. वाचताना त्यांचे डोळे भरले. मी त्यांच्या घरची दोन केळी खाऊन परत आलो.

एकच फट राहिली आहे. ग्रॅनाइटवर कोरण्याआधी समितीला दुसऱ्या जाणकाराकडून कागद वाचून हवा आहे. मी तुमचं नाव सांगितलं. गुरुवारी सकाळी अकराला तुम्ही या, आणि कागदात जे असेल ते वाचा. घोडा जाईल, मीही जाईन, पण अक्काची टपरी राहील. सर माझं तोंड पुन्हा बघणार नाहीत, ते मी सोसेन. एवढं एक काम मी आयुष्यात सरळ करतो आहे, त्याला नाही म्हणू नका. मामीला नमस्कार. आईला यातलं काही सांगू नका, तिच्या हिशेबी मी सिमेंटमध्ये आहे.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी खरोखर) भाचा,
वरुणराव

ता. क. १ : वरचं पत्र मी अक्काला तमिळमध्ये वाचून दाखवलं. वाटलं, तिला भरून येईल. तिने माझ्या डोक्यात फडकं हाणलं. “अरे मूर्खा, घोडा घालवतोस? घोडा आल्यापासून माझं सुंडलचं भांडं दहाच्या आत रिकामं होतं! घोडा राहू दे, मीही राहते, बघ काय करतोस ते.” म्हणून सरळपणाचं वरचं सगळं कृपया रद्द समजावं. कागदात असं निघालं तर बरं: राजाची आज्ञा आहे की या घोड्याला रोज हरभऱ्याचा नैवेद्य हवा, तो याच जागी शिजवलेला हवा, आणि शिजवणाऱ्या बाईला तिथून कुणी उठवू नये.

ता. क. २ : तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. भातावर वाढताना मामीने कुळंबू कसा झालाय म्हणून विचारलं की तुम्ही अंगणात जाता, तेही पाहिलंय. तर खोटं बोलायचंच नाही. तुम्ही कागदात आहे ते अक्षर न् अक्षर मराठीत मोठ्याने वाचायचं. समितीत कुणाला मराठी येत नाही. तमिळमध्ये सांगायला मी शेजारी उभा आहेच.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता कळलं. आपल्या भाषेने भारावून जाऊन सुब्रमण्यम सर पंधरा दिवसांपासून मोबाइलवर मराठी शिकताहेत. आज मला म्हणाले, “माझा भाऊ आंबा खातो.” तेव्हा मामा, वाचाल ते जरा भरभर वाचा.