अंगदच्या डावाच्या बेल्स उचलण्याबाबत

दिनांक : ९ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. मुख्य संयोजक,
रणजी करंडक सामना संयोजन समिती,
नांदेड.

विषय : जुनी खेळपट्टी उकरण्यापूर्वी तिच्यावर अपूर्ण राहिलेला खेळ पंचांमार्फत रीतसर थांबवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) मैदानाच्या नूतनीकरणाविषयी आपल्या समितीची जाहीर सूचना.
२) अर्जदाराने आपल्या कार्यालयात समक्ष केलेली विनंती.

महोदय,

अर्जदार राजकन्या भागवत हंबर्डे ही मूळची हदगावची असून लातूर येथील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पुढील मजकूर वाचून आपणांस अर्जदाराच्या मनःस्वास्थ्याविषयी शंका येण्याचा संभव आहे. ती अर्जदारालाही अधूनमधून येते. तरीही हकिकत जशी घडली तशी सादर केली आहे.

१. अर्जदाराचा धाकटा भाऊ अंगद हा सलामीचा फलंदाज होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या वर्षीच्या रणजी हंगामासाठी खेळाडू निवडण्याकरिता याच मैदानावर सामना झाला. आई नागाबाई हदगावहून एसटीने भाकरी-चटणीचा डबा घेऊन आली होती. चहापानाच्या वेळी अंगद तिच्यापाशी आला. "खेळ सुटल्यावर जेवतो, माय. तवर चुन्याच्या रेघेच्या आत येऊ नको, पंच वरडतेत," एवढे सांगून तो परत गेला. उन्हे कलताना त्याने एक चौकार मारला, पुढच्या चेंडूसाठी बॅट दोनदा जमिनीवर ठोकली आणि तो जागीच कोसळला. सगळे मैदान त्याच्याकडे धावले. आई तेवढी धावली नाही. ती डबा घेऊन रेघेबाहेर उभी राहिली. दवाखान्यात पोहोचण्यापूर्वीच अंगद गेला होता. हृदयात जन्मजात दोष होता, असे नंतर कळले.

२. दिवसाचा खेळ संपला की पंच 'टाइम' असे म्हणतात आणि यष्ट्यांवरच्या दोन लाकडी बेल्स उचलतात. तोवर फलंदाजाने आपली जागा सोडायची नसते. अंगदने आईला शिकवलेले क्रिकेट एवढेच. त्या संध्याकाळी पंच श्री. वीरभद्र माणिकप्पा बिराजदार, रा. उदगीर, हे अंगदला उचलून गाडीत बसले आणि बेल्स यष्ट्यांवरच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांनी यष्ट्या उपटल्या तेव्हा त्या मातीत पडल्या. पडल्या, कोणी उचलल्या नाहीत. सामना रद्द झाला.

३. दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आले, तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. आई शांतपणे म्हणाली, "त्यो जेवायला कसा येईल? त्याचा खेळ सुटलाच न्हाई." अर्जदाराने हे शोकातले बोलणे म्हणून सोडून दिले. त्यानंतर आईने हदगाव सोडले. ती नांदेडात खोली घेऊन राहते आणि उन्हे कलली की डबा घेऊन मैदानावर रेघेबाहेर बसते. दर हंगामात रणजीचे सामने सुरू झाले की फोनवर विचारते, "आज खेळ सुटला का?" सुटला असे सांगितले की म्हणते, "सगळ्यांचा सुटला, माय. आपलंच पोरगं उभं हाय."

४. मैदानाचे रखवालदार श्री. भुजंग यांनी अर्जदारास सांगितले की संध्याकाळी खेळपट्टीकडून बॅट ठोकल्याचा आवाज येतो. झेंड्याची दोरी खांबावर आपटत असावी, असे अर्जदाराने त्यांना समजावले. नूतनीकरणासाठी खांब काढून नेल्यानंतर अर्जदार स्वतः तेथे जाऊन बसली. वारा नव्हता. आवाज दोनदा आला, थोडा थांबून पुन्हा दोनदा. फलंदाज उभे राहण्याची जागा बुटाने ओरखडून ठेवतात. तसा ओरखडाही खेळपट्टीवर आहे. "आम्ही रोलर फिरवून राहिलो मॅडम, अन् सकाळी रेघ हायेच," असे श्री. भुजंग म्हणतात. हे आईचे काम असावे, असा संशय अर्जदाराने घेतला व तिच्यावर पाळत ठेवली, याची तिला लाज वाटते. आई चुन्याच्या रेघेच्या आत आजवर गेलेली नाही. खेळ चालू असताना आत जायचे नसते.

५. आता आईच्याही हृदयात तोच दोष निघाला आहे. शस्त्रक्रिया लातूरला ठरली आहे आणि ती लांबवू नये, असे डॉक्टर बजावतात. आई निघत नाही. "पोराला उभं ठिवून मी कुठं येऊ?" एवढेच म्हणते. त्यात येत्या मंगळवारी, दि. १६ रोजी, रणजी सामन्याच्या तयारीसाठी जुनी खेळपट्टी उकरली जाणार आहे. ती सूचना वाचून दाखवल्यापासून आईने अन्न टाकले आहे. तिचा प्रश्न असा की, खेळपट्टी उकरल्यावर त्याने उभे कुठे राहायचे.

६. श्री. बिराजदार यांना भेटले असता ते म्हणाले, "सामना अधिकृत होता, ताई. चोरून बेल्स उचलल्या तर ते नाटक होईल. कमिटीचं पत्र आणा, मी पांढरा कोट घालून येतो." म्हणून अर्जदार आईसह आपल्या कार्यालयात आली होती. तेथील लिपिकाने हसून विचारले, "मग मॅडम, स्कोअर बी बदलायचा का?" त्यावर आईच म्हणाली, "स्कोअर राहू द्या, बाबा. त्यो नाबाद हाय, हीच तर अडचण हाय." लिपिक उठून उभे राहिले आणि त्यांनी आईला पाणी आणून दिले. लेखी अर्ज करण्याचा सल्लाही त्यांचाच.

७. सबब विनंती की, सोमवारी उन्हे कलताना जुन्या खेळपट्टीवर यष्ट्या रोवून त्यांवर बेल्स ठेवू द्याव्यात आणि श्री. बिराजदार यांना 'टाइम' म्हणून त्या उचलण्याची लेखी परवानगी द्यावी. त्यानंतर आई रेघ ओलांडून आत जाईल. तिच्या हातातील डब्यास फाटकावर हरकत घेऊ नये. मंगळवारी खेळपट्टी खुशाल उकरावी.

आपल्या पत्राची वाट पाहणारी,
राजकन्या भागवत हंबर्डे

सोबत : १) अंगदच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. २) आईचे वैद्यकीय प्रमाणपत्र. ३) श्री. बिराजदार यांचे संमतिपत्र.

ता. क. : 'टाइम' हा शब्द पंचांनी जरा मोठ्याने उच्चारावा, असे परवानगीपत्रात कृपया नमूद करावे. हेल्मेट घातले की अंगदला कमी ऐकू येत असे.