दादांच्या नकळत

प्रीतम भावजी,

तुम्ही आणलेली दारू सोडवायची पावडर मी मोरीत ओतली, शोधत बसू नका. काल आईंनी ती कालवणात मिसळली आणि तुमचे दादा बाहेरून पिऊन आले ते न जेवताच आडवे झाले. कालवण वाया नको म्हणून आम्हीच खाल्लं. ओकलं कोण? आम्ही सासू-सून!

अख्ख्या दिवाळे गावाला ठाऊक आहे दादा पितात ते. मग सोडवायची तेवढी त्यांच्या नकळत? वाशीच्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव काढलं तर तुम्ही म्हणालात, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. गटारात पडलेल्या भावाला लोकांनी उचलून आणलं, तेव्हा कुठे होतं हे तोंड?

केंद्रात माणूस स्वतः हो म्हणाला तरच घेतात. म्हणून आज सकाळी ह्यांना पावडरीचं सगळं सांगितलं. वाटलं, ताट फेकतील. तर म्हणाले, "प्रीतमनं येकदा तरी मला तोंडावर सांगायचं." आणि उठून स्वतःच पिशवी भरली.

आम्ही तिकडेच निघालोय. आईंना पेज करून द्या, पोट अजून बिघडलेलंच आहे.

रविवारी घरच्यांना भेटू देतात. हात हलवत आलात तरी चालेल, पण ह्या वेळी तोंड उघडा.

पुतळावहिनी