नववी ब, भरीत आणि बहुव्रीही

१५ नोव्हेंबर १९५४, सोमवार. धुळे.

दिवाळीची सुट्टी संपली. सहामाहीचे मराठीचे पेपर वाटले. नववी बचा निकाल वाईट. हेडमास्तर रतिलालभाई बराच वेळ चष्मा पुसत बसले, मग म्हणाले की जानेवारीत इन्स्पेक्शन आहे. तोवर वर्ग सुधारला नाही तर नववी ब लोटननानांकडे जाईल आणि मला मिळेल पाचवीचं शुद्धलेखन आणि कवायत. मला, अभिमन पाटलाला, कवायत.

लोटननाना म्हणजे आमच्या शाळेतले सगळ्यात जुने मास्तर. पद्धत एकच. नियम म्हणा, पुन्हा म्हणा. त्यांचा वर्ग शेजारीच. दिवसभर पिठाची गिरणी चालल्यासारखा आवाज.

माझं निदान वेगळं आहे. मुलं मठ्ठ नाहीत, व्याकरणाला चव नाही. या मुलांना दोनच गोष्टी मनापासून कळतात, खाणं आणि सिनेमा. मग व्याकरण त्यातूनच का शिकवू नये? पद्धतीला नावही सुचलं. रसास्वाद पद्धत. यावर पुस्तक लिहायचं. रोज पहाटे पाचला उठून लिहायचं. पित्तामुळे तिखट आणि तळलेलं आजपासून बंद.

१६ नोव्हेंबर, मंगळवार.

साडेसातला उठलो. थंडी.

१७ नोव्हेंबर, बुधवार.

पहिला तास. वर्गाला विचारलं, उपमा म्हणजे काय? प्रथमच सगळे हात वर. छगन म्हणाला, स्टेशनजवळच्या उडप्याकडे मिळतो, वर ओलं खोबरं घालतात. मी म्हटलं, तो उपमा, ही उपमा. मग ही कुठे मिळते, असं मागून कुणीतरी विचारलं. हशा.

तरी हात वर झाले, हे महत्त्वाचं. लोटननानांच्या वर्गात कधी होतात?

घरी भज्यांचा वास. चार खाल्ली. उदाहरणासाठी पदार्थ ताजे आठवावे लागतात.

२४ नोव्हेंबर, बुधवार.

अनन्वय अलंकार. स्वतःला स्वतःचीच उपमा. मी उदाहरण दिलं, 'भरितासारखं भरीत फक्त खानदेशात.' शेवंता नावाची हुशार मुलगी आहे, तिने उठून सांगितलं की तिची आई वऱ्हाडातली आहे आणि तिथेही चांगलं होतं. मग कुणाचं भरीत चांगलं यावर तास गेला. अशी चर्चा या वर्गात पूर्वी कधी झाली नव्हती. अलंकार मात्र राहिला. उद्या.

२८ नोव्हेंबर, रविवार.

पिक्चर पाहिला. कामासाठी. दुपारचा खेळ. नायक आणि खलनायक यांची मारामारी द्वंद्व समासाला चपखल बसेल. गर्दीमुळे नीट नोंदी घेता आल्या नाहीत, म्हणून संध्याकाळचा खेळही पाहिला. बायकोने, सुगंधाने विचारलं, मला कधी नेणार. तिला सांगितलं की हे संशोधन आहे. ती भाकऱ्या थापत होती. पुढची जरा जोरात थापली. तिला पटलं असावं.

६ डिसेंबर, सोमवार.

त्रास. छगनचे वडील निंबाआप्पा शाळेत आले, थेट माझ्या वर्गाच्या दाराशी. "मास्तर, पोऱ्या रोज थेटरमा जास. म्हने तुम्हीच धाडतस. हाई काय शाळा शे का?" मी बहुव्रीही समास सांगत होतो. 'नीळकंठ' म्हणजे निळा कंठ ज्याचा तो. आप्पांनाही बसून ऐका म्हटलं. ते म्हणाले, कापूस वेचायचा राहिलाय.

रतिलालभाईंनी बोलावून घेतलं. वर्गाला पिक्चर बघायला मी सांगितलं का, असं विचारलं. मी म्हटलं, फक्त निरीक्षण करायला सांगितलं. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. नव्या पद्धतीला आधी विरोध होतोच.

पिक्चर बंद झाला म्हणून मुलं हिरमुसली. म्हणून तासाला मीच गोष्ट सांगितली, मारामारीसकट. टेबलावर चढावं लागलं.

१२ डिसेंबर, रविवार.

आज प्रात्यक्षिक. पांझरा नदीच्या काठी भरीत पार्टी. मुलांनी घरून वांगी, मिरच्या, कांद्याची पात आणली. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी भागाबाईंनी, म्हणजे शेवंताच्या आईने, थापून पाठवल्या. योजना अशी होती की प्रत्येक घासाआधी एक समास सोडवायचा. पहिल्या घासापर्यंत योजना चालली.

मी चव पाहण्यापुरतं घेतलं. नंतर पुन्हा चव पाहिली.

१४ डिसेंबर, मंगळवार.

काल शाळेत गेलो नाही. आजही नाही. पोट. सुगंधा ताक देते आहे, तेही न मागता, हे जास्त लागतं. कळलं की माझा वर्ग दोन्ही दिवस लोटननानांनी घेतला. म्हणजे आता ती गिरणी माझ्या वर्गात. सगळी चव घालवली असणार माणसाने. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

२६ डिसेंबर, रविवार. जळगाव.

नाताळची सुट्टी. एस.टी.ने जळगावला रुपचंदकडे आलो. हा माझा वर्गबंधू, आता ट्रेनिंग कॉलेजात शिकवतो. त्याचं शिफारसपत्र मिळालं तर रतिलालभाईंचं तोंड बंद होईल. पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्याला वाचून दाखवलं. (दुसरं अजून लिहायचं आहे.) तो खूप हसला. म्हणाला, "अभिमन, तू गोष्ट फार छान सांगतोस रे." मग पिक्चरचा शेवट काय होतो ते विचारलं. मी पद्धतीबद्दल विचारलं. तो म्हणाला, जेवून घे आधी.

जेवायला भरीतच होतं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पत्राचं राहून गेलं.

७ जानेवारी १९५५, शुक्रवार.

एक चमत्कारिक गोष्ट. फळ्यावर 'मीठभाकर' लिहिलं. समास विचारला. वर्गाने एका सुरात समाहार द्वंद्व असं सांगितलं, विग्रहही केला. हे मी शिकवलेलं मला आठवत नाही. म्हणजे पद्धत आतल्या आत मुरते आहे, लोणच्यासारखी. हे वाक्य पुस्तकात घ्यावं.

सकाळी येताना पोरं मारुतीच्या पाराकडून घोळक्याने येताना दिसली. इतक्या लवकर कुठे गेली होती विचारलं तर छगन म्हणाला, व्यायामाला. चांगली सवय. मलाही लावायला हवी.

२० जानेवारी, गुरुवार.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

इन्स्पेक्टरसाहेब दुसऱ्या तासाला आले. व्याकरण विचारलं. वर्गाने सगळं सांगितलं. समास, प्रयोग, अलंकार, काहीच सोडलं नाही. शेवंताने अनन्वयाचं लक्षण असं म्हटलं की साहेबांनी मान डोलावली. रतिलालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेचा विचार करत होतो.

साहेबांनी विचारलं, इतकी तयारी कशी झाली? मी पुढे झालो, 'रसास्वाद' म्हणालो. साहेब म्हणाले, मुलांना सांगू द्या.

छगन उठला. खोटं बोलायचं नाही असं मीच शिकवलंय. म्हणाला, लोटननाना रोज सकाळी पारावर शिकवतात. आम्हीच त्यांच्या घरी जाऊन विनवलं. नापास झालो असतो तर आमच्या सरांना कवायतीला घातलं असतं, मग आम्हाला गोष्टी कुणी सांगितल्या असत्या? सरांना वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मधल्या सुट्टीत लोटननाना समोर आले. मला वाटलं, आता ऐकवतील. ते म्हणाले, "पोरं तुमच्यासाठी फार झटली हो." आणि पाणी प्यायला गेले. चीड आली. कुणाची ते ठरवता येईना.

२२ जानेवारी, शनिवार.

निर्णय आला. नववी बचं व्याकरण लोटननानांकडे. मला कवायत नाही. शनिवारी शेवटचा तास माझा, गोष्टीचा. टाइमटेबलात तसंच लिहिलं आहे, 'गोष्ट'. एका परीने ही बढतीच. एका तासासाठी स्वतंत्र विषय आजवर कुणाला दिलेला नाही.

तास घेतला. नववी अची मुलंही येऊन दाटीवाटीने बसली. गोष्टीच्या मध्ये मी एक समास घालायला गेलो. सगळे म्हणाले, सर, ते झालंय आमचं, पुढे काय होतं ते सांगा. सांगितलं.

घरी येऊन सुगंधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." आणि वाढायला घेतलं. पुढे म्हणाली की आता संशोधन संपलं असेल तर तिलाही एकदा पिक्चरला न्यावं.

दुपारी पुस्तकाचं दुसरं प्रकरण काढलं. कर्मधारय आणि बहुव्रीही यांतला फरक. लिहिता लिहिता अडलो. 'पीतांबर' दोन्हीत कसा बसतो? शेवंताने परवा साहेबांना सांगितलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

सोमवारी सकाळी पाराकडे जाऊन येईन. नुसती पाहणी. दुसऱ्याची पद्धतही पाहावी लागते. पुढे जागा नसते म्हणतात, मागे बसावं लागेल. पेन्सिलीला टोक काढून ठेवलं.