आता श्वास पुरतो

ती. आईला, उशीला टेकूनच नमस्कार.

फोनवर माझा खोकला ऐकून तू घाबरशील, म्हणून लिहितेय. साधा फ्लू वाटला होता, पण तो छातीत उतरला आणि हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं. आता धोका टळलाय. ऑक्सिजनची नळीही काल काढली. भूक लागते. तुझे जावई तर घास भरवून भरवून पिच्छा पुरवतात.

बाळ ठीक आहे. मला धाप लागायची तेव्हा ते अगदी गप्प झालं होतं. सातव्या महिन्यातच काढावं लागेल की काय, असं डॉक्टरबाई बोलत होत्या. मग माझा श्वास सुधारला, तशा त्याच्या लाथा परत सुरू झाल्या. एवढा मार मी कधी आनंदाने खाल्ला नव्हता!

तुझे गुडघे कसे आहेत? बाबांना यातलं निम्मंच सांग.

काल नर्स म्हणाली, "तापात तुम्ही सारखं 'आई, आई' करत होतात. मी म्हटलं, अहो, आता तुम्हीच आई होणार!" सगळे हसले, मीही हसले. पण मला तूच हवी होतीस गं.

घाबरू नकोस. पण ये.

तुझी,
धाकटी