सहाव्या चालीचा घोडा

सोमवार, ४ मार्च
साडू जिंकले! ज्येष्ठांची बुद्धिबळ स्पर्धा, चषक, फोटो—सगळं. मी सदर लिहितो ते सोडून दुसऱ्या वर्तमानपत्राने त्यांचा डाव पहिल्यापासून शेवटच्या चालीपर्यंत छापलाय. वर ठळक अक्षरांत: ‘सहाव्या चालीला घोडा पटाच्या कडेला—ही सुरुवात विजेत्याने स्वतः शोधली.’ स्वतः! ती चाल माझी. पंचवीस वर्षं माझी! माझ्याच जेवणाच्या टेबलावर या गृहस्थांना शिकवली. तेव्हा नाक मुरडून म्हणाले होते, “कडेचा घोडा म्हणजे रुसलेला पाहुणा.”

मंगळवार, ५
साडूंना फोन. “अहो, चाल ती चाल. तिच्यावर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं?”
चषकावर बरं कोरून घेतलंत!
ही म्हणते, “एका घोड्यापायी केवढा थयथयाट!” हिच्या बहिणीचा नवरा ना. म्हटलं, साडू काय ऋषी लागून गेलेत, मंत्रासारखी चाल आपोआप दिसायला?

बुधवार, ६
रविवारच्या माझ्या सदरात साडूंना ठोकून काढलं. ‘परस्वापहरण’ लिहिलं होतं. संपादक म्हणाले, “साहेब, माणसांना कळेल असं काहीतरी द्या.” ‘चोरी’ केलं. संस्कृताची हानी, आशयाचा लाभ! शेवटी जाहीर वचन—मूळ डावाची नोंद पुढच्या रविवारी छापतो, दोन्ही खेळाडूंच्या सह्यांसकट. क्लबातला डाव. समोर ही होती; तेव्हा अजून ‘ही’ झालेली नव्हती. म्हणजे साक्षीदार घरातच! तर म्हणते, “आधी कागद शोधा.”

रविवार, १०
सदर आलं. साडू फोन उचलत नाहीत. उत्तम!

मंगळवार, १२
कागद नाही. चार खोकी उपसली. धूळ, शिंका, संताप. संपादकांचा तिसरा फोन: “नोंद नाही मिळाली तर माफी छापावी लागेल हं.” माफी? मी?

बुधवार, १३
मिळाला. अक्षर माझंच.
पांढरी मोहरी: ही. काळी: मी. सहावी चाल, घोडा कडेला—पांढऱ्याच्या रकान्यात. एकतिसाव्या चालीला माझी शरणागती. खाली दोघांच्या सह्या.
हरलेला माणूस डाव पुन्हा पुन्हा मांडतो. मी इतक्यांदा मांडला, की पटाची बाजूच बदलून बसलो.
कागद हिच्यापुढे धरला. तिने पाहिलासुद्धा नाही.
“तुम्हाला भावजींचा राग आठवडाभर आला. मला तुमचा पंचवीस वर्षं येतोय.”